मान घासू नका, साखर तपासा

मंडळी, आपल्या धंद्यात कातडीला काही झालं की आपण ऊन नाहीतर पाण्यावर ढकलतो. मान काळी पडली, ऊन लागलं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, पाण्यात असतो ना. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण या सवयीमुळेच आपल्या लोकांची साखर उशिरा सापडते, असं आमचं मत आहे.

मानेचंच घ्या. उन्हाने उघडं अंग रापतं. काखेत, जांघेत कुठलं ऊन? तिथंही कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी लागत असेल तर तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते जास्त इन्सुलिन बनवतं आणि त्यानेच कातडी अशी होते. साखर वाढण्याआधीही हे दिसू शकतं, म्हणजे सावरायला वेळ असतो. पोरींची मान बेसनाने खरवडणाऱ्या आयांनी हे जरूर वाचावं. काळी मान म्हणजे मधुमेहच असं नाही, पण तपासणी हवीच.

छाणीच्या तळ्यात उतरणारा असो की बोटीवरचा खलाशी, पाय दिवसभर ओले. चिखल्या होणारच. मात्र मलमाने जाऊन त्या पुन्हापुन्हा येत असतील, जांघेतला नायटा हटत नसेल, माशाच्या काट्याची जखम दोन आठवडे चिघळत असेल, तर नुसतं मलम पुरे नाही. जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात, रुतलेला काटा कळतही नाही. पाय कापायची वेळ येते ती अशाच दुर्लक्षित जखमेतून.

आणि मासे खाणाऱ्याला साखर होत नाही, हे आता सोडा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले. सर्वांत जास्त प्रमाण कुठे? मासळीशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्या गोव्यात, २६.४ टक्के!

बोटमालकांनो, जून-जुलैच्या बंदीत इंजिन उघडता, जाळी दुरुस्त करता. त्याच आठवड्यात खलाशांची उपाशीपोटी साखर तपासून घ्या. तिशीपुढच्यांना सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट आहे. १०० ते १२५ आली तर काठावर, १२६ किंवा वर आली तर लगेच डॉक्टर. आणि त्या दिवसाचा खाडा कृपा करून कापू नका.