काय झाडी, काय ऑफसाइड

आपल्याकडे तीन विषयांवर मत द्यायला कुठलीही पात्रता लागत नाही. राजकारण, खेळ आणि टीव्हीवर सध्या काय चाललंय ते. सोमवारी दुपारी कुठल्याही आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एक चक्कर मारा. एका टेबलावर कोणीतरी मँचेस्टर युनायटेडला बचाव कसा करायचा ते शिकवत असतं. शेजारच्या टेबलावर बिग बॉसच्या घरातून खरं तर कोण बाहेर जायला हवं होतं यावर खल चालू असतो. आणि चहा येईपर्यंत दोन्ही टेबलं कुठला आमदार कुठे चाललाय यावर येऊन थांबतात.

मला या गप्पा मनापासून आवडतात. (सोमवारी दुपारी दुसरं काही काम होतही नाही, पण हे मॅनेजरला सांगू नका.) पण गेली काही वर्षं एक गोष्ट खटकतेय. खेळाडूने क्लब बदलला की माणसं चिडतात. बिग बॉसमध्ये एखाद्याने ऐन वेळी ग्रुप बदलला की तावातावाने भांडतात. आणि आमदाराने पक्ष बदलला की... हसतात. मीम पाठवतात. "राजकारण म्हणजे असंच रे" म्हणून दुसरा चहा मागवतात.

तुम्ही म्हणाल, राजकारणावरून भांडणं होत नाहीत का? होतात ना, फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज होतात. पण ती "माझा पक्ष की तुझा" या चालीवरची. आपण एका चिन्हावर मत दिलेला माणूस दुसऱ्या चिन्हाखाली जाऊन बसला, त्यात माझ्या मताचं काय झालं, या मुद्द्यावर कोणी टेबलावर हात आपटलेला मी तरी पाहिला नाही.

आता जून २०२२ आठवा. २० तारखेला विधान परिषदेचा निकाल लागला आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतला गेले. तिथून गुवाहाटी, तिथून गोवा. २९ तारखेला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, ३० तारखेला शिंदे मुख्यमंत्री. दहा दिवसांत राज्याचं सरकार बदललं. त्या दहा दिवसांतलं तुम्हाला पहिलं काय आठवतं? बरोबर. शहाजीबापू पाटलांचा तो फोन. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. त्याची गाणी झाली, रिंगटोन झाली, लग्नाच्या वरातीत वाजली. क्लिप ऐकून मीही पोट धरून हसलो होतो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. सांगोल्याच्या बोलीचा तो ठसकाच तसा आहे. पण ते 'हाटील' कशासाठी होतं, तिथली बिलं कोण भरत होतं, हे प्रश्न विचारले गेले तरी गाण्याच्या आवाजात ऐकू आले नाहीत.

'सिंहासन' पाहिलाय ना? जब्बार पटेलांचा, १९७९ चा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर बेतलेला. त्यात सत्तेचा सगळा खेळ जवळून बघणारा पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, शेवटी वेडा होतो. आपण २०१९ ची पहाटेची शपथ पाहिली, २०२२ पाहिलं, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादीचं तेच पाहिलं. आणि आपल्याला काहीही झालं नाही. आपली प्रकृती दिगूपेक्षा फारच ठणठणीत म्हणायची. :-)

आता जरा फुटबॉलकडे. जुलै २००० मध्ये लुईस फिगो बार्सिलोना सोडून थेट रेआल माद्रिदला गेला. व्यवहार पूर्णपणे कायदेशीर, बार्सिलोनाला मिळाले सुमारे ६ कोटी युरो, त्या वेळचा जागतिक विक्रम. तरीही २००२ मध्ये तो माद्रिदकडून कॅम्प नोऊवर खेळायला आला तेव्हा लोकांनी मैदानात चक्क डुकराचं मुंडकं फेकलं. हा वेडेपणाच आहे, आणि कुणीही आमदारांवर असलं काही फेकावं असं मी अजिबात म्हणत नाही. फिगो व्यावसायिक खेळाडू होता, त्याला जायचा हक्क होता. मुद्दा एवढाच, की ज्याने लोकांचं काहीही कायदेशीर देणं बुडवलं नव्हतं त्याला माणसं दोन वर्षांनंतरही विसरली नव्हती. इथे तर आमदार माझ्याकडे मत मागायला येतो, माझ्या मतावर निवडून जातो, आणि पुढचं गाणं येईपर्यंत आपण विसरतो.

पण नुसतं चिडून काय होणार? मला फुटबॉलची दुसरी एक गोष्ट जास्त हेवा वाटण्यासारखी वाटते. नियम मोडला तर निकाल कधी लागतो, ते.

२ डिसेंबर २०१५. स्पॅनिश कपमध्ये रेआल माद्रिदने काडिझ या छोट्या क्लबविरुद्ध डेनिस चेरिशेव्हला खेळवलं. त्याने गोलही मारला, माद्रिद ३-१ जिंकलं. पण सामना चालू असतानाच लक्षात आलं होतं, की त्याच्यावर आधीच्या मोसमातली एका सामन्याची बंदी बाकी होती. ४ डिसेंबरला माद्रिद स्पर्धेबाहेर. जगातला सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एक, आणि निकाल दोन दिवसांत.

आता आपला स्कोअरबोर्ड. शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा वाद जून २०२२ मध्ये सुरू झाला. सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२३ ला सांगितलं, की हा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा. तो होईना, म्हणून कोर्टाला तारीख घालून द्यावी लागली. निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. दीड वर्ष! आणि निकाल काय? दोन्ही गटांतलं कोणीच अपात्र नाही. राष्ट्रवादीच्या बाबतीतही फेब्रुवारी २०२४ मध्ये तेच. म्हणजे दोन पक्ष उभे फुटले, सरकार बदललं, नाव आणि चिन्ह हातचं गेलं, आणि फाउल एकही नाही. क्लीन गेम.

हे कुणा एका अध्यक्षाबद्दल नाही, रचनाच तशी आहे. पक्षांतरबंदी कायदा म्हणजे घटनेचं दहावं परिशिष्ट १९८५ मध्ये आलं. आधी एक तृतीयांश आमदार घेऊन 'फूट' पाडायची सोय होती. तिचा इतका वापर झाला, की २००३ च्या घटनादुरुस्तीने ती काढून टाकली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी राहिली. थोडक्यात, किरकोळ पक्षांतर बंद, होलसेल चालू. आणि निर्णय कोण देणार? सभागृहाचे अध्यक्ष. अध्यक्षांना कोण निवडतं? सभागृहातलं बहुमत. म्हणजे ज्या टीमवर फाउलचा आरोप आहे तिच्याच जोरावर पंच उभा! आमच्याकडे स्वतःचा कोड स्वतःच अप्रूव्ह करून प्रॉडक्शनला टाकला तर लीड फाडून खातो. इथे तो घटनात्मक अधिकार आहे.

ज्या इंग्लंडकडून आपण संसदही घेतली आणि फुटबॉलही, तिथे कॉमन्सचा स्पीकर निवडून आला की पक्ष सोडतो. आपल्या दहाव्या परिशिष्टातही ती वाट ठेवलेली आहे. अध्यक्ष झालेल्या माणसाने पक्षाचा राजीनामा दिला तर त्याला अपात्रता लागत नाही. वाट आहे, चालणारे जवळजवळ नाहीत. जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सुचवलं, की हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्यावं, असा विचार संसदेने करावा. तीन महिन्यांत निकाल लावावा असंही म्हटलं. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या प्रकरणात कोर्टाला पुन्हा तीन महिन्यांची मुदत घालावी लागली. तेलंगणात पक्ष वेगळे, पंचाची गोष्ट तीच. तेव्हा "हे सगळं त्या अमुक पक्षामुळे" असं कोणी म्हणालं तर त्याला १९७८ ची आठवण करून द्या. शरद पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडून पुलोद आणलं तेव्हा आपल्यापैकी बरेच जण जन्मालाही आले नव्हते.

आता उलट बाजू. एक, फुटबॉलमध्येही सगळा रामराज्याचा कारभार नाही. मँचेस्टर सिटीवर प्रीमियर लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरावर आरोप ठेवले आणि सुनावणी सुरू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. पैसा मोठा, वकील मोठे, तिथे शिट्टी हळूच वाजते. दोन, आमदार हा पक्षाचा नोकर नाही. त्याला पक्षाचं पटलं नाही तर बाहेर पडता आलं पाहिजे, नाहीतर व्हिप निघाला की हात वर करणारी माणसं तेवढी उरतील. हा आक्षेप मला मान्य आहे. तीन, "लोकांनी दिला की कौल!" दिला ना. मे-जून २०२४ मध्ये लोकसभेला महाराष्ट्राने महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा दिल्या आणि पाचच महिन्यांनी विधानसभेला महायुतीला २८८ पैकी दोनशे तीसच्या आसपास. कोण बरोबर हे ज्याने त्याने ठरवावं. मला दिसतं ते एवढंच, की विचारायचं होतं जून २०२२ मध्ये आणि विचारलं नोव्हेंबर २०२४ मध्ये.

आणि पर्याय नाही असं नाही. कर्नाटकात २०१९ मध्ये ज्यांच्यामुळे सरकार पडलं त्यातल्या बहुतेकांनी निदान आमदारकीचे राजीनामे दिले होते. तेही अपात्र ठरले, आणि डिसेंबरात १५ जागांवर पोटनिवडणूक झाली. भाजपने १२ जिंकल्या. पक्ष बदललेले बरेच जण पुन्हा निवडून आले. त्यामागे काय काय राजकारण झालं ते सोडा, पण लोकांना सहा महिन्यांच्या आत विचारलं तरी गेलं. लोक म्हणाले चालेल, तर चालेल. माझी तक्रार निकालाबद्दल नाहीच, न विचारण्याबद्दल आहे.

विचारायला लावता येतं का? येतं. १८ एप्रिल २०२१, रविवारची रात्र. युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी जाहीर केलं, की आम्ही आमची वेगळी सुपर लीग काढतोय. संस्थापक क्लब कायमचे आत, हरले तरी बाहेर जाणार नाहीत. मालकांना वाटलं, लोक दोन दिवस कुरकुर करतील आणि मग टीव्ही लावून बसतील. मंगळवारी संध्याकाळी चेल्सीच्या मैदानाबाहेर चाहत्यांनी रस्ता अडवला. त्या रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले होते. बुधवारी लिव्हरपूलच्या मालकाने व्हिडिओ काढून माफी मागितली. तिथून हा विषय थेट संसदेत गेला आणि २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. अब्जाधीशांना अठ्ठेचाळीस तासांत माघारी आणणारे हे लोक कोण होते? तिकीट काढणारे. आपल्यासारखेच.

आता याची दुसरी बाजू आपल्या घरचीच. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा पुण्याची एक टीम होती, एफसी पुणे सिटी. बालेवाडीला सामने, मालकांच्या यादीत आधी हृतिक रोशन, मग अर्जुन कपूर. २०१९ मध्ये टीम बंद झाली, तिची जागा हैदराबादने घेतली. २०२५ मध्ये हैदराबादचीही टीम उचलून दिल्लीला गेली. आमदारांचं सुरत-गुवाहाटी-गोवा, तसं या जागेचं पुणे-हैदराबाद-दिल्ली. :-) कोणी रस्ता अडवला नाही, कारण आपण तिथे बघे होतो. जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचा मोठा वाटा सभासदांकडेच ठेवावा लागतो, मालक कितीही श्रीमंत असो. तिथे टीम अशी उचलून न्यायची तर आधी सभासदांना तोंड द्यावं लागेल.

आणि राहिलं बिग बॉस. नाकं मुरडू नका. २०१८ पासून मराठीत चाललेल्या या कार्यक्रमात निदान एक शिस्त आहे. नॉमिनेशनमध्ये आलात की मतं मागावी लागतात. वीकांताला कधी महेश मांजरेकरांच्या चावडीवर, तर पाचव्या सीझनमध्ये रितेश देशमुखच्या भाऊच्या धक्क्यावर उभं राहून "तू असं का वागलास?" याचं उत्तर द्यावं लागतं. अख्खं घर बघत असतं. घरातल्या भांड्यांवरून कोण खोटं बोललं याचा जाब सात दिवसांत, आणि राज्याचं सरकार कसं बदललं याचा अडीच वर्षांनी!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मीम पाठवा, गाणी वाजवा, खुशाल हसा. पण सोबत दोन मागण्या धरून ठेवा. पक्षांतराचा निकाल स्वतंत्र लवादाने तीन महिन्यांत द्यावा, आणि पक्ष सोडणाऱ्याने आमदारकी सोडून पुन्हा आमच्यासमोर यावं. पक्षांना यातलं काहीही आपणहून सुचणार नाही, कारण आज ज्याची टीम फुटते त्याला उद्या दुसऱ्याची फोडायची असते.

पुढच्या निवडणुकीला उमेदवार आपल्या सोसायटीत येईलच. पाणी, पार्किंग आणि रस्त्यावरचे खड्डे विचारून झाले, की कोणीतरी एकाने एवढंच विचारा: "साहेब, पक्ष बदललात तर राजीनामा देऊन परत आमच्याकडे याल का? हो की नाही?" आणि उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. व्हायरल तर आपण काहीही करतोच, एकदा हेही करून बघू.

असो. रविवार संपत आला, मॅचची वेळ झाली. तूर्तास एवढंच.