अपंगत्वाचा दाखला आणि कमाईचा हिशेब

कामावर जायबंदी झालेल्या कामगाराच्या भरपाईचा दावा अनेकदा एकाच आकड्यावर अडतो. अपघात झाला, हे मालक व विमा कंपनी दोघांनाही मान्य असते. वाद उरतो तो डॉक्टरांच्या दाखल्यावरील टक्केवारीचा.

कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ मध्ये दुखापतींचे दोन गट आहेत. पहिल्या परिशिष्टातील दुखापतींसाठी कमाईच्या क्षमतेतील घट निश्चित आहे : अंगठा गेल्यास ३० टक्के, एक डोळा गेल्यास व दुसरा चांगला असल्यास ४० टक्के. परिशिष्टात नसलेल्या दुखापतींमध्ये ही घट पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने ठरवायची असते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच रचना कायम ठेवली आहे.

मात्र रुग्णालयाचा दाखला बहुधा शरीराची हानी मोजतो, तर कायदा कमाईची हानी विचारतो. पायाला ४० टक्के अपंगत्व आलेला लेखनिक काम चालू ठेवू शकतो. परांचीवर चढणारा गवंडी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात हाच भेद मान्य केला. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेला कामगार सुतार होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण ठरले.

या भेदाची किंमत मोठी आहे. जुन्या कायद्याखाली २०२० मध्ये ठरलेल्या १५ हजार रुपये वेतनमर्यादेनुसार, ३० वर्षांच्या कामगाराला ४० टक्के घटीसाठी सुमारे साडेसात लाख रुपये मिळतात. घट १०० टक्के मानली, तर रक्कम १८ लाख ७० हजारांच्या पुढे जाते.

म्हणूनच विमा कंपनीचे वकील दाखल्यावरच बोट ठेवतात : डॉक्टरांनी उपचार केले होते का, कामाचे स्वरूप विचारले होते का, ते उलटतपासणीला आले का? सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना साक्षीसाठी आणणे रोजंदारीवरील कामगाराला सोपे नसते. पुढे दुरुस्तीची संधीही अपुरी असते. उच्च न्यायालयात अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते, आणि वस्तुस्थितीबाबत आयुक्तांचा शब्द अखेरचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गोल्ला राजन्ना प्रकरणात स्पष्ट केले.

त्यामुळे दाव्याचे भवितव्य पहिल्याच पायरीवर ठरते. कामगार कोणते काम करत होता आणि आता त्यातले काय करू शकत नाही, याची नोंद दाखल्यात नसेल, तर खरी दुखापतही कागदावर अपुरी ठरते.