टकटक वाजणारी गाडी



आमच्या गांधीबागेतल्या एका आजींच्या घरचा वाद आज सांगतो. आजींची पंचाहत्तरी उलटली आहे. वडील एम्प्रेस मिलमध्ये कामगार. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर चार-पाच वर्षांनी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीहून परतताना त्यांनी लेकीसाठी एक खेळणं घेतलं. चाकं होती, दोरीनं ओढायचं, एवढंच आजींना आठवतं. वडिलांनी विकत आणलेलं ते एकच खेळणं.

घरचे म्हणतात, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असेल. आजी भडकतात. "माह्या बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. तो नंदी कायले आणन?"

आजींची बाजू मला पटते. तान्हा पोळा श्रावण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, विजयादशमी त्यानंतर चाळीसेक दिवसांनी. तेव्हा बैल कोण विकत बसतो? पण नुसत्या तिथीवर घरचे ऐकेनात. म्हणून आजींना विचारलं, आवाज यायचा का? त्या म्हणाल्या, "टकटक टकटक. पळालं का जोरात वाजे."

मग उलगडा झाला. ही जत्रेत मिळणारी ढोलकीची गाडी. भाजलेल्या मातीची दोन चाकं, बांबूच्या कामट्या, वर मातीच्या वाटीवर कागद ताणून चिकटवलेला. पीळ दिलेल्या दोऱ्यात दोन काड्या अडकवलेल्या. चाकांबरोबर आस फिरला की त्या उचलल्या जातात आणि दोऱ्याच्या पिळानं कागदावर आपटतात. बंगालात हिला टमटम गाडी म्हणतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले सुदर्शन खन्ना यांनी देशभरातली अशी साधी खेळणी गोळा करून त्यांवर पुस्तकं लिहिली.

वाटीचं चित्र काढून दाखवताच आजी म्हणाल्या, "कागद लाल होता." हे त्यांना आजवर आठवलं नव्हतं.

घरच्यांनाही दोष देत नाही. लाकडी बैल पेटीत राहतो, नातवापर्यंत पोचतो. मातीची गाडी आठ दिवसांत फुटते, कागद तर त्याआधीच फाटतो. त्यामुळे दोरीचं खेळणं म्हटलं की बैलच डोळ्यापुढे येतो. एम्प्रेस मिलही 2002 साली बंद पडली; त्या बापाच्या पगारातलं दाखवायला घरात काही उरलेलं नाही.

आजींचा नातू आता कामट्या तासतो आहे. चाकं कुंभाराकडे सांगितली आहेत. काड्या मात्र नीट आपटत नाहीत, पीळ सैल पडतो. आपल्यापैकी कुणी लहानपणी ही गाडी बनवली असेल, तर दोऱ्याला पीळ किती द्यायचा ते या पत्त्यावर अवश्य कळवावं.