दप्तरात साखरेची पुडी



लहान मुलाला मधुमेह झाला असे वस्तीत सांगितले तर लोक हसतात. साखरेची बिमारी म्हणजे म्हाताऱ्यांची, पैसेवाल्यांची, असा आपला समज. पण मुलांचा मधुमेह, ज्याला डॉक्टर टाइप वन म्हणतात, तो गोड खाण्याने होत नाही आणि आईबापाच्या पापानेही होत नाही. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीर स्वतःच नष्ट करते. मग ते रोज बाहेरून टोचावेच लागते, जन्मभर. १९२२ साली कॅनडात चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले. त्याआधी अशी मुले वाचत नसत.

सूरजागड, हेडरी, एटापल्लीकडे पहिली अडचण ओळखण्याची. मूल सुकत जाते, सारखे पाणी पिते, वारंवार लघवीला जाते, मोठे असूनही अंथरूण ओले करते. पुढे ओकाऱ्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास. आपल्या जंगलभागात मूल गळून पडले की पहिला संशय मलेरियाचा, दुसरा सिकलसेलचा आणि तिसरा, सांगायला लाज वाटते, करणीचा. पुजाऱ्याकडे दोन दिवस गेले तर मूल हाती लागत नाही. मलेरियासाठी बोटातून रक्त काढतातच, तेव्हाच साखरही पाहा असे आपण म्हणावे. आणि घरात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी साखरेची तपासणी सिकलसेलच्या मुलात फसवी येऊ शकते.

निदान झाले की पुष्कळ घरी शाळाच बंद करतात. मुलगी असली तर लपवालपवी जास्त; इंजेक्शनचे कळले तर सोयरीक कशी जुळणार? आमचा राग इथे आहे. बाबासाहेबांना मधुमेह होता, ते इन्सुलिन घेत. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्या काळजी घेत. तो मधुमेह मोठ्या वयातला होता हे खरे. पण तेच दुखणे अंगावर घेऊन १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ते चांद्याला दीक्षा द्यायला आले, आणि तेव्हा आपला गडचिरोलीचा भाग चांदा जिल्ह्यातच होता. त्यांच्या लेकरांनी सुईची लाज धरून शाळा सोडावी काय?

शाळेत खरा धोका साखर वाढण्यापेक्षा एकदम उतरण्याचा. जेवणाआधीचे इन्सुलिन टोचले आणि खिचडी तासभर उशिरा आली, किंवा मूल कबड्डी खेळून आले, की घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे भलतेच होते. गुरुजींना वाटते, पोरगा आळशी आहे. साखर ७० च्या खाली दिसली, किंवा यंत्र जवळ नसून नुसता संशय आला तरी तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग खायला द्यावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. लोहखनिजाच्या ट्रकांमधून ती गाडी केव्हा पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून मूल शुद्धीवर असतानाच साखर पोटात जायला हवी. पुडी दप्तरातच असावी, कपाटात कुलपाआड नको.

फ्रीज नसला तरी मडके असतेच. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, त्यात डबीत बंद केलेली इन्सुलिनची बाटली, वर ओले फडके, आणि सगळे सावलीत. बाटली बर्फाला लावू नये. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे.

आता कागदाचे. आम्ही कारकून माणसे, म्हणून सांगतो: तोंडी सांगितलेले मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर निघून जाते. अर्ज दोन प्रतींत करावा, डॉक्टरांचा दाखला जोडावा. वर्गात साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची, मध्येच खाण्याची, पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची परवानगी मागावी. परीक्षेत बिस्किट, फळ, साखरेची गोळी जवळ ठेवू देण्याचेही लिहावे. सीबीएसईने २०१७ साली बोर्डाच्या परीक्षेत खाऊ नेण्याची मुभा दिली, उत्तर प्रदेश सरकारने २०२३ साली शाळांना तसे आदेश काढले. या दोन्हींचा उल्लेख अर्जात करावा, साहेब लोकांना आधार लागतो. मूल आश्रमशाळेत असेल तर तिसरी प्रत अधीक्षकांना द्यावी, कारण साखर रात्रीही उतरते. आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नये.