रविवारचा ब्रंच आणि सकाळची गोळी

खारघर, कामोठे, नवीन पनवेलमधल्या अनेक घरांत रविवारची सकाळ उशिरा सुरू होते. त्यात गैर काही नाही. आठवडाभर पहाटेची लोकल गाठणाऱ्याने एक दिवस जरा लोळावं. मग साडेअकराच्या सुमारास पोहे-उपम्याऐवजी काहीतरी वेगळं होतं. हल्ली मुलांची फर्माईश असते फ्रेंच टोस्टची: अंडं-दुधात बुडवून तव्यावर भाजलेला ब्रेड, वर आंब्याचे, केळ्याचे किंवा स्ट्रॉबेरीचे काप आणि मधाची धार. नाश्ता आणि जेवण एकातच उरकलं, की झाला ब्रंच.

‘डॉक्टर, शुगर असताना हे चालेल का?’ असं रुग्ण विचारतात. माझं उत्तर असं, की पदार्थ बेताने खाल्ला तर चालेल; पण त्याची वेळ प्रत्येकाला चालेलच असं नाही.

आधी पदार्थाचं बघू. ब्रेडच्या दोन स्लाइसमधून साधारण २५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं मिळतात, एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं. नुसत्या जॅम-ब्रेडपेक्षा हे नक्कीच बरं, कारण प्रथिनांमुळे पोट भरतं आणि साखर जरा सावकाश चढते. खरी गडबड वरच्या थरात होते. दोन मोठे चमचे मध म्हणजे जवळपास ३५ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरची साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, आणि त्या हिशेबात मधही धरलेला आहे. मध नैसर्गिक आहे हे खरं, पण रक्तात गेल्यावर ती साखरच.

म्हणून दोघांसाठी चार स्लाइस, दोन अंडी, अर्धा कप दूध, चिमूटभर मीठ आणि दालचिनी घ्या. मिश्रणात साखर घालू नका. चमचाभर तुपावर दोन्ही बाजूंनी नीट भाजा. आतला भाग ओला, गिळगिळीत राहता कामा नये. वर माणशी अर्धी वाटी ताज्या फळाचे काप घाला. पपई, पेरू, सफरचंद, हंगामात हापूसच्या दोन-तीन फोडी. फळ साखरेत शिजवू नका, रसही काढू नका. मधाऐवजी बिनसाखरेचा चक्का घाला. हा पदार्थ मुळात शिळा ब्रेड वाया जाऊ नये म्हणून निघाला. फ्रेंच भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थच ‘वाया गेलेला ब्रेड’ असा आहे. पण शिळा वेगळा आणि बुरशी आलेला वेगळा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत एका स्लाइसवर ठिपका दिसला, तरी अख्खं पाकीट टाकून द्या.

आता वेळेचं. ‘ब्रंच’ हा शब्द १८९५ मध्ये गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने एका लेखात मांडला. शनिवारी रात्री जागरण करणाऱ्यांना रविवारी सकाळी लवकर उठण्याची सक्ती नको, असा त्याचा आग्रह होता. इन्शुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते १९२२ मध्ये. म्हणजे ब्रंचची कल्पना निघाली, तेव्हा सकाळी औषध घेऊन खाण्याची वाट पाहणारा मधुमेही अस्तित्वातच नव्हता. आज तो आपल्या घरोघरी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये आलेला अंदाज सांगतो, की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

यातले अनेक जण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेतात. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. सवयीने आठ वाजता गोळी घेतली किंवा इन्शुलिन टोचलं आणि साडेअकरापर्यंत चहावर काढलं, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. पण बऱ्याच गोळ्यांत ही दोन्ही औषधं एकत्र असतात, तेव्हा पाकिटावरची नावं वाचा.

साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. वयस्कर माणूस कधी नुसताच असंबद्ध बोलू लागतो, आणि घरच्यांना वाटतं झोप झाली नाही. अशा वेळी फ्रेंच टोस्ट होईपर्यंत थांबू नका. तूप आणि प्रथिनांमुळे त्यातली साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा, मग खायला द्या. या गोळ्यांचा असर लांबतो, त्यामुळे बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

चिठ्ठीवर ‘नाश्त्यापूर्वी’ लिहिलेलं असतं. ते लिहिताना नाश्ता रोज एकाच वेळी होतो असं गृहीत धरलेलं असतं, आणि रविवारी तेच चुकतं. माझ्या मते पुढच्या तपासणीत प्रत्येक मधुमेहीने हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे: ‘रविवारी मी उशिरा खातो, तेव्हा गोळीचं काय करू?’ कुणाला गोळी खाण्याच्या वेळेला सरकवता येईल, कुणाचं औषध बदलावं लागेल. ते ज्याचं त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. गोळी स्वतःहून बंद करू नका आणि चुकलेल्या गोळीसाठी दोन एकदम घेऊ नका.

तोवर एक साधा उपाय आहे. घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्या रोजच्या वेळी आठ वाजता टोस्टचा एक स्लाइस आणि फळाच्या चार फोडी करून द्या. बाकीच्यांनी खुशाल साडेअकराला उठावं.