पायरीवरचा शंख

माझी लेक स्वित्झर्लंडमध्ये झोलोथुर्नला राहते. परवा नातवाने तिथल्या एका दगडी पायरीचा फोटो पाठवला. पांढुरक्या चुनखडीत एक लांब, निमुळता शंख, अगदी मधोमध चिरल्यासारखा! "आजोबा, हा कोण?"

मी मास्तरी थाटात ठोकून दिलं, "अरे, टुरिटेला नावाचा असाच लांबोडका शंख आजही समुद्रात असतो. त्याचाच हा खापरपणजोबा."

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने माझं उत्तर चूक ठरवलं. तो शंख निघाला नेरिनिया कुळातला. ज्युरासिक आणि क्रिटेशस काळात उथळ, उबदार समुद्रांत या गोगलगाई भरपूर होत्या. क्रिटेशस काळ सरेपर्यंत सगळ्या संपल्या, त्यालाही आता ६.६ कोटी वर्षं झाली. मऊ शरीर कुजून गेलं, उरले ते शंख. म्हणून वर्गीकरणही शंखावरूनच.

बाहेरून हा शंख टुरिटेलाचा भाऊच वाटतो. पण चिरला की आत कंगोरे दिसतात. मधल्या खांबावर, पोकळीच्या छतावर, बाहेरच्या भिंतीवर. कुठे, किती आणि कसे, यावर प्रजाती ठरते. क्रिप्टोप्लोकसला छतावर एकच कंगोरा, टिग्मॅटिसमध्ये अनेक आणि गुंतागुंतीचे. गंमत म्हणजे एकाच शंखात सुरुवातीच्या पिळांत कंगोरे बारीक आणि पुढच्या पिळांत ठळक असू शकतात. म्हणजे एकाच ठिकाणी चिरून नाव दिलं की फसगत!

खरी खूण तर शंखाच्या टोकावर. अळी असताना बनलेला तिथला इवलासा भाग नंतरच्या पिळाच्या उलट दिशेने वळलेला असतो. हे टोक बहुधा मोडून गेलेलं असतं, म्हणून सहसा हाती लागत नाही. पण जिथे सापडलं, त्यावरून अभ्यासकांनी या कुळाला ज्या मोठ्या गटात बसवलं, त्याच गटात आपल्या परसातली गोगलगाय आहे. टुरिटेला नाही!

आता मुद्द्याचं. मी बी.ए. मराठीचा, पण शिक्षक कमी म्हणून काही वर्षं शास्त्राचे तासही घेतले. परीक्षेत "वर्गीकरण करा" हा हुकमी प्रश्न. प्राणी बरोबर रकान्यात पडला की एक मार्क. कारण मी कधी विचारलंच नाही. एका मुलाने वटवाघळाला पक्ष्यांत टाकून शेजारी लिहिलं होतं, "कारण ते उडते." मी लाल फुली मारली आणि पुढचा पेपर घेतला. उत्तर चूक होतं, पण पंख ही खूण निवडून तो विचार तर करत होता! मी टुरिटेला म्हणालो तेव्हा मीही तेच केलं होतं. फरक इतकाच, की मी कारण लिहिलं नव्हतं.

माझं स्पष्ट मत आहे, की वर्गीकरणाच्या प्रश्नात निम्मे मार्क कारणाला द्यावेत. रकाने अभ्यासकांनाही बदलावे लागतात. कोणती खूण धरली आणि का, हे सांगता आलं तरच चूक सुधारता येते.

त्या मुलाचा अर्धा मार्क माझ्याकडे बाकी आहे. तो आता पन्नाशीचा असेल. असो. तुमच्यात कुणी शिक्षक असाल, तर तुम्ही मार्क कसे देता ते जरूर लिहा.