सुनावणी आराखड्याआधी हवी

पर्यटनासाठी विमानतळ, रस्ते, रोपवे किंवा निवासस्थाने उभारताना स्थानिक रहिवासी आणि पर्यावरण संस्थांना निर्णयात किती वाटा असावा, यावर मतभेद आहेत. लोकसहभागाविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. सुनावण्यांमुळे प्रकल्प रखडतात, हा पहिला. बांधकाम हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, हा दुसरा. कायद्याने जनसुनावणीची सोय केलेलीच आहे, मग आणखी काय हवे, हा तिसरा.

पहिला आक्षेप गोव्यातील मोपा विमानतळाच्या इतिहासापुढे टिकत नाही. पेडणे तालुक्यातील पठारावरच्या या प्रकल्पाला २०१५ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. परिसरातील जंगल आणि झाडांची माहिती अर्जात नीट दिलेली नव्हती आणि तज्ज्ञ समितीने शिफारशीची पुरेशी कारणे नोंदवली नव्हती. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने मंजुरी स्थगित करून फेरविचाराचा आदेश दिला. जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटी घालून आणि ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे देखरेख सोपवून ती स्थगिती उठवण्यात आली. जनसुनावणी तर मंजुरीपूर्वीच उरकली होती. तेव्हा विलंबाचे खापर सुनावणीवर फोडता येत नाही. अपुरी माहिती आणि घाईची छाननी यांमुळे प्रकल्प कोर्टात अडकला.

तज्ज्ञांचा अधिकार कोणी नाकारत नाही. पण त्यांना मिळणारी माहिती अर्धवट असू शकते. २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असलेल्या माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. तिथे मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवण्यास घोडेवाल्यांनी विरोध केला, कारण त्यांवरून घोड्यांचे पाय घसरतात. ई-रिक्षाच्या प्रश्नावर मात्र हातरिक्षा ओढणारे एका बाजूला आणि घोडेवाले दुसऱ्या बाजूला होते. पोट ज्याचे त्याचे वेगळे, म्हणून गाव एका सुरात बोलत नाही. पण म्हणून कोणालाच विचारायचे नाही, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला परवानगी दिली आणि अंतर्गत रस्त्यांवर मनाई केली. ही तडजोड निविदा काढण्यापूर्वी गावातच बसून शोधता आली असती.

तिसरा आक्षेप कायद्याच्या आडोशाने येतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाबाबतच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना बंधनकारक केली, हे खरे. पण तोवर जागा ठरलेली असते आणि अहवालाचा मसुदाही तयार असतो. स्थानिक भाषेत मिळतो तो केवळ सारांश. शिवाय त्याच अधिसूचनेने इमारत बांधकामाचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळले, आणि २०,००० चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामांना या अधिसूचनेखाली पूर्वमंजुरीही लागत नाही. डोंगरउतारावर आणि किनाऱ्यावर एकेक करून उभी राहणारी बहुतेक रिसॉर्टे या जाळीतून सुटतात.

सहभागातून काय साधते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात दिसते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले आणि पुढे कासव महोत्सव भरवला. पर्यटक गावकऱ्यांच्या घरात उतरतात, घरचेच जेवतात आणि पिल्ले समुद्रात सोडण्याची ठरलेली वेळ पाळतात. किनाऱ्यावर हॉटेलांची रांग न उभारता घराघरांत उत्पन्न पोहोचले. किनारा मोकळा राहिला तरच कासवे येतील, हे गावाला पटलेले असल्याने राखणही गावच करते. वेळासचे प्रमाण विमानतळाला लागू पडत नाही, हे मान्य. तरी ज्याला लाभ आणि अधिकार मिळतो तोच जबाबदारी घेतो, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

म्हणून पर्यटन प्रकल्पांत चार गोष्टी सक्तीच्या हव्यात. जागा निश्चित होण्यापूर्वी ग्रामसभेत चर्चा व्हावी. संपूर्ण अहवाल मराठी वा कोकणीत मिळावा. प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर द्यावे. बांधकामानंतरच्या देखरेख समितीत रहिवासी व पर्यावरण संस्थांना मताधिकारासह जागा असाव्यात. यात सुरुवातीचे काही महिने जातील. पण कोर्टात जाणाऱ्या वर्षांपेक्षा ते स्वस्तच पडतील. ज्या निसर्गासाठी पर्यटक येतो तोच गमावून उभारलेल्या सुविधेला शाश्वत म्हणता येणार नाही.